उंबऱ्यावरचं भांडं

"तिथंच थांबा. मी भांडं ठेवते. मी मागं सरले की मग उचला."

सूनबाईंनी पेजेचं भांडं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे गेल्या. मी वाकले. उचललं. सकाळचे नऊ वाजले होते. त्या घरातला माझा पहिला दिवस.

घर कळमनुरीतलं. देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. आजींना अर्धांगवायू झालेला. बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे त्यांचं जेवण. एका वेळी दोनशे मिली, दिवसातून सहा वेळा. मी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. त्यामुळे चार वेळचं माझ्या हातानं, दोन वेळचं सूनबाईंच्या. त्यांना मीच शिकवलं होतं.

मी डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची. वय पंचेचाळीस. नर्सिंगचं शिक्षण आहे, नोंदणी आहे. दवाखान्यात अकरा-अकरा महिन्यांचे पाच करार केले. पंचावन्न महिने. सहाव्या करारावर सही केली नाही. बीपीचं यंत्र, साखर तपासायचं यंत्र, थर्मामीटर, एक बॅग. घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळायचं ठरवलं. हे पहिलं मोठं काम, एका डॉक्टरांनी सुचवलेलं. इथून चांगला शब्द गेला तर पुढची घरं मिळणार होती. वाईट गेला तर कळमनुरीत मला कोणी विचारणार नव्हतं.

म्हणून वाकले. दिवसातून चार वेळा. अठरा दिवसांत बहात्तर वेळा. मोजायची सवय आहे.

राग यायचा का? खरं सांगते, नाही. दात काढताना सुई दिली की हिरडी बधिर होते, तसं सगळं झालं होतं. वाकायचं, उचलायचं, वळायचं.

आजींना अंघोळ मी घालायची. लंगोट मी बदलायची. तोंड आतून मी पुसायची. माझा हात त्यांच्या नाकापासून पोटापर्यंत चालत होता. उंबऱ्याच्या आत चालत नव्हता.

सहाव्या दिवशी नळी तुंबली. कोमट पाण्यानं मोकळी केली. सूनबाईंना म्हणाले, "वैनी, पेज बारीक गाळा. डाळीचं साल राहून राहिलं."

"गाळते की."

तेराव्या दिवशी परत तुंबली. काही केल्या निघेना. जुनी नळी काढून नवी घालावी लागली. नवी नळी जाताना आजींच्या नाकातून रक्त आलं. त्यांचा डावा हात तेवढा हलायचा. त्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. नखं रुतली. मी वहीत लिहिलं: नळी बदलली. रक्त थोडं.

एक वाक्य मी लिहिलं नाही. मला आत जाऊन पेज गाळता आली असती तर हे झालं नसतं. ते मला माहीत होतं. मी गप्प राहिले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी नऊचं भरवायला घेतलं. नळी बंद. अकरापर्यंत खटपट केली. आजी उपाशी. त्यांचा मुलगा पूजा आटोपून आला होता. त्यानं माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"डॉक्टरसाहेब, दुसरी सिस्टर बघा. ही तांड्यावरची. हिला नळीतलं काय कळतंय? माय माझी उपाशी ठेवून राहिली."

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "नळी कशानं बंद पडली ते आधी बघा."

मी नळी काढली. कात्रीनं कापली. आतलं पांढऱ्या गॉजवर काढून त्याच्यापुढे धरलं. मुगाची सालं. हिरवी, सहा-सात.

"वैनी, गाळता कशानं?"

"चहाच्या गाळणीनं."

"तिची भोकं मोठी असतात. मला सुती कापड द्या. मी आत येऊन गाळून दाखवते. एकदाच."

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आत देव आहेत."

एवढंच. ओरडला नाही. आत गॅस आहे म्हणावं, तसं म्हणाला.

मी आजींकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर होती. बोलत्या असत्या तर त्यांनीही मला बाहेरच थांबवलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या पोटात रात्रीपासून काही नव्हतं.

मी मोरीत हात धुतले. कोपरापर्यंत. आणि उंबरा ओलांडला.

"अहो बाई! काहून आत येऊन राहिल्या? अहो, बघा ना हिला!"

कोणी मला धरलं नाही. धरायचं तर शिवावं लागलं असतं.

दोरीवरचं धुतलेलं सुती फडकं घेतलं. पेज दोनदा गाळली. फडक्यात चमचाभर सालं राहिली. फडकं ओट्यावर उघडंच ठेवलं, दिसावं म्हणून. बाहेर आले. आजींना उशा लावून बसवलं, नवी नळी दुसऱ्या नाकपुडीतून घातली. बरोबर पोटात गेली का ते तपासलं. दोनशे मिली हळूहळू सोडलं. वर तीस मिली साधं पाणी. वहीत लिहिलं. वेळ: बारा वाजून दहा. सालं गाळली नव्हती म्हणून नळी बंद पडली, हेही लिहिलं. खाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक.

"उद्यापासून येऊ नका," मुलगा म्हणाला.

"अजून तासभर आजींना आडवं करू नका," मी म्हणाले.

मी ओसरीवर चपला घालत होते तेव्हा आतून बादली ओतल्याचा आवाज आला. स्वयंपाकघर धुतलेलं पाणी पन्हळीतून माझ्या पायापाशी आलं. त्याला गोमूत्राचा वास होता. मी पाय मागे घेतला नाही.

घरी नवरा म्हणाला, "गप राहिली असतीस तर काम टिकलं असतं."

"अठरा दिवस गपच व्हते. रक्त म्हातारीच्या नाकातून आलं."



आजींचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. माझ्या वहीत त्यांचा शेवटचा आकडा दोनशे आहे.

आता नव्या घरी गेले की मी बॅग खाली ठेवत नाही. रुग्णाचं दुखणंही नंतर विचारते. पहिला प्रश्न एकच: "स्वयंपाकघर कुठंय? मला आत जाऊन बघायचंय." आतापर्यंत सात घरी विचारलं. चार घरांनी दाखवलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्या तिन्ही घरांतून मी परत आले. आठव्या घरीही हेच विचारणार आहे.