एका हाताची कॉफी

आमच्या घरात चहा कुणीही करायचं, कॉफी मात्र फक्त बाबा करायचे. दिवसातून एकदा, दुपारी साडेचारला, आणि तीही आईसाठी. आई उरणच्या एका शाळेत शिकवायची. तीनला शाळा सुटली की बस पकडून पनवेलला यायची. बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी संपवून ते तिच्या तासभर आधी घरी पोचायचे. गल्लीच्या तोंडाशी तिच्या चपलांचा आवाज आला की ते गॅस बंद करायचे. दुधात साखर, साखरेबरोबरच किसलेलं जायफळ, मग कॉफीची पूड आणि एक उकळी, असा क्रम ठरलेला. जायफळ दुधात आधी पडलं पाहिजे, नाहीतर ते नुसतं वर तरंगतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

कॉफी पिताना आई शाळेतल्या गोष्टी सांगायची. करंज्याहून येणारी कोळ्यांची पोरं तिची विशेष लाडकी. ‘बाई, आमी उद्या नाय येनार, बापाची होडी येनार हाय,’ असा तोंडी रजेचा अर्ज देऊन एकजण मोकळा व्हायचा, आणि आई ते हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची. बाबा हसता हसता कप खाली ठेवायचे. मी त्यांची एकुलती एक मुलगी, मलाही कपभर कॉफी मिळायची, पण बोलणं त्या दोघांचंच असायचं. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. चार महिन्यांत ते चालू लागले. जीभ जरा जड झाली तरी बोलूही लागले. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. नोकरी सुटली, त्याबद्दलही त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण एका दुपारी त्यांनी डाव्या हातानं कॉफीचं पातेलं उतरवायला घेतलं. सांडशी फिरली आणि उकळतं दूध पायावर आलं. आई नेमकी तेव्हाच दारात पोचली. त्यांच्या पायावर पाणी ओतत ती म्हणाली, ‘अहो, राहू द्या आता. उद्यापासून मी करत जाईन.’ म्हणाली ती मायेनंच, पण बाबांचा चेहरा असा उतरला की मला तिचाच राग आला.

पुढचे काही आठवडे आई आल्याआल्या पदर खोचून स्वतःच कॉफी करायची आणि ओट्याशी उभ्यानंच प्यायची. बाबा त्यांचा कप खाटेवर बसून प्यायचे. गोष्टी बंद झाल्या. एकदा मी त्यांच्या मागे हाताच्या व्यायामाचा धोशा लावला होता, तेव्हा ते म्हणाले, ‘ती दिवसभर चाळीस पोरांपुढं उभी असते. घरी आल्यावर तिला बसायला मिळावं, एवढं एकच काम माझं होतं.’ व्यायामाचा धोशा मी तिथेच सोडला. गॅसशिवाय, एका हातानं, कुणाच्याही मदतीशिवाय कॉफी करता येईल असं काहीतरी त्यांच्यासाठी शोधायचंच, असं मी ठरवलं.

आधी झटपट कॉफीचा प्रयोग झाला. त्यात कपात पूड आणि साखर घेऊन चमच्यानं फेटायला लागायचं. बाबांनी डाव्या हातानं फेटायला घेतलं की कपच गोल फिरायचा. खाली ओलं फडकं ठेवलं, तर फडक्यासकट फिरायचा. ‘याच्यापेक्षा लेथ मशीन सोपं,’ म्हणून त्यांनी तो नाद सोडला.

मग मी बाजारातल्या भांड्यांच्या आणि विजेच्या वस्तूंच्या दुकानांत फिरू लागले. यंत्र कसं निवडायचं याची माझी पद्धत सोपी होती. ओढणीनं उजवा हात कमरेशी घट्ट बांधायचा आणि डाव्या हातानं वस्तू उघडून बघायची. दुकानदार आधी माझ्याकडे बघायचा, मग ओढणीकडे. स्टीलचा मद्रासी फिल्टर पहिल्याच फेरीत नापास झाला, कारण त्याची दोन भांडी एकमेकांत अशी रुतून बसतात की एक धरून दुसरं ओढावं लागतं. विजेवरच्या एका उंच किटलीचं झाकण पीळ देऊन बसवायचं होतं, ते फिरवलं की किटलीही फिरायची. ‘ताई, घरी कुणाला तरी सांगायचं ना उघडायला,’ एक दुकानदार म्हणाला. मी त्याला असं काही सुनावलं की पुढे वर्षभर त्या दुकानासमोरून जाताना मी पलीकडच्या बाजूनं जायचे.

शेवटी यंत्र सापडलं ते आमच्याच गल्लीत. समोरच्या घरातले चाचा आखातात, दोह्याच्या एका हॉटेलात साफसफाईच्या खात्यात होते आणि दोन वर्षांनी सुट्टीवर आले होते. हॉटेलनं खोल्यांमधली जुनी यंत्रं काढून टाकली, त्यातलं एक ते घेऊन आले होते. बाबांना बघायला म्हणून ते आले आणि माझी सगळी हकिगत ऐकून तडक घरी जाऊन ते यंत्र काखोटीला मारून परत आले. मागे पाण्याची टाकी, वर एक बिजागरीचं झाकण, खाली गरम होणारी चकती, तिच्यावर काचेचं भांडं. आणि सोबत एक खोका, त्यात कॉफी भरलेल्या गोल, चपट्या कागदी पुड्या.

‘हे बघा भाऊ,’ चाचा म्हणाले, ‘पानी डाला, पुडी ठेवली, बटन दाबलं. बस. एक हात म्हणजे जास्तच झाला.’

मी लगेच ओढणी कमरेशी बांधली. टाकीत पाणी, पुडी, झाकण, बटण. लाल दिवा लागला, यंत्र गुरगुरलं आणि काचेच्या भांड्यात काळीभोर धार पडू लागली. मग बाबांनी तेच डाव्या हातानं करून दाखवलं. झटका आल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. चाचा यंत्र तिथेच ठेवून गेले. पैशांचं विचारलं तर म्हणाले, ‘भाऊ, माझ्या घरचा पंप किती वेळा दुरुस्त केलात, मी विचारलं का?’

आई आली. बाबांनी तिच्यापुढे तो काळा कप ठेवला. तिनं एक घोट घेतला आणि ‘छान आहे हं,’ म्हणाली. पण चेहरा काढा प्यायल्यासारखा झाला होता. बाबांनी तो बरोबर टिपला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर घरभर करपलेल्या दुधाचा वास. यंत्र फुसफुसत होतं, टाकीतून फेस उतू जात होता आणि बाबा त्याच्याकडे फिटरच्या नजरेनं बघत होते.

‘बाबा, तुम्ही टाकीत दूध घातलंत?’

‘मग कॉफीत काय घालतात?’ ते म्हणाले. ‘साखर आणि जायफळही घातलंय.’

मी कपाळाला हात लावला. पण त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे कॉफी म्हणजे दूधच. पाण्याची कॉफी पाहुण्याला दिली असती तर त्यानं तो अपमान समजला असता. चाचांना बोलावलं. ‘या अल्ला! हिच्या पोटात खीर शिजवली काय भाऊ!’ म्हणत ते इतके हसले की त्यांना खाटेवर बसावं लागलं. मग त्यांनी लिंबाचं पाणी पाच-सहा वेळा यंत्रातून फिरवलं आणि बिचारं यंत्र वाचलं.

यानंतर बाबांनी जे केलं त्याला माझा अजूनही सलाम आहे. त्यांनी दोन दिवस यंत्राला हात लावला नाही, नुसते समोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी काचेच्या भांड्यात दूध आणि साखर घालून ते खालच्या गरम चकतीवर ठेवलं. दूध चांगलं कढत झाल्यावर मग मागच्या टाकीत पाणी ओतलं. काळी धार थेट गरम दुधात पडली. जायफळासाठी त्यांनी मला कामाला लावलं. किसणी एका जुन्या पाटाच्या तुकड्यावर खिळ्यांनी ठोकून घेतली, प्रत्येक खिळ्याला माझ्या हातोडीला नावं ठेवत. तो पाट त्यांनी गल्लीकडच्या खिडकीत पक्का बसवून घेतला. आता जायफळ डाव्या हातात धरून घासलं की झालं. पूर्वी दहा मिनिटांत होणाऱ्या कॉफीला आता पाऊण तास लागायचा. पण ती पुन्हा बाबांची कॉफी होती. आई खुर्चीत टेकून बसून ती प्यायली आणि त्या दिवशी करंज्याची पोरं पुन्हा आमच्या घरात बोलू लागली.

मला एकच गोष्ट खटकायची. जायफळ आता ते अगदी शेवटी घालायचे, कप भरून झाल्यावर, वरून. ‘बाबा, आधी घालायचं ना? तुम्हीच तर सांगायचात,’ असं मी चार-पाच वेळा तरी म्हटलं असेल. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आजारपणामुळे विसरले असतील, असं मला वाटलं. आणि आईची बसही त्या काळात सारखी उशिरा येऊ लागली होती. साडेचारची आई पाचला, कधी सव्वापाचला यायची.

चाचा दोह्याला परत गेले आणि महिनाभरात पुड्या संपत आल्या. मी सगळं पनवेल पालथं घातलं. तशी पुडी असते हेच कुणाला माहीत नव्हतं. ज्या दिवशी खोक्यात शेवटची पुडी उरली, त्या दिवशी बाबांनी कॉफी केलीच नाही. ‘राहू दे, पाहुणे आले तर लागेल,’ म्हणाले. मी हात टेकले.

आईनं मात्र टेकले नव्हते. एक वापरलेली पुडी तिनं आधीच धुऊन वाळवून ठेवली होती. तिच्या मापानं जुन्या मलमलच्या साडीचे गोल तुकडे कापले आणि शिवणयंत्रावर दोन-दोन जोडून कडेनं शिवले, दोन बोटं जागा सोडून. त्या जागेतून बाबा छोट्या चमच्यानं पूड भरायचे आणि उरलेली शिवण आई सुईनं बंद करायची. पहिली पुडी उसवली. दुसरीत पूड सैल भरली गेली आणि नुसतं रंगीत पाणी पडलं. तिसरी बाबांनी अंगठ्यानं ठासून भरली, ती जमली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती दोघं टेबलाशी बसून आठवड्याच्या पुड्या करायची. मी शेजारी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायचे आणि त्यांच्याकडेच बघायचे. त्या दोघांचा मला तेव्हा किती अभिमान वाटायचा, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

असे पाच-सहा महिने गेले असतील. एकदा कॉलेजात तास झाला नाही म्हणून मी लवकर निघाले आणि साडेचारला गल्लीत शिरले, तर समोर चाचींच्या ओट्यावर आई बसलेली. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन.

‘अगं, बस वेळेवर आली की!’ मी जवळजवळ ओरडलेच.

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला खाली बसवलं. ‘बस रोजच वेळेवर येते. मी घरात शिरले की ते घाई करतात, आणि घाई केली की सांडतं. होऊ दे त्यांचं सावकाश.’

‘रोज अशीच बसते तुझी आई,’ चाची म्हणाल्या. ‘मी चाय देते तर घेत नाय. म्हणते, पोटात जागा ठेवायची हाय.’

‘मग तू आत कधी जातेस?’ मी विचारलं.

‘जायफळाचा वास आला की,’ आई म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

मी घरात आले. बाबांना काही सांगायचं नाही, असं दारातच ठरवलं होतं. ते डाव्या हातानं काचेचं भांडं तिरकं करून कप भरत होते. थोडी कॉफी बशीत सांडली. ती त्यांनी फडक्यानं नीट टिपली, फडकं घडी करून ठेवलं, खुर्ची टेबलापासून जरा मागे ओढली. मग जायफळ उचलून टेबलालगतच्या खिडकीतल्या पाटाकडे वळले. माझ्या पोटात काही राहत नाही, ते तेव्हाही राहिलं नाही.

‘बाबा, आई ना...’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘समोर बसली आहे. म्हणून तर जायफळ शेवटी घालतो.’

त्यांनी कोपरानं खिडकीचं दार आणखी थोडं ढकललं आणि एकेक कप किसणीखाली सरकवून जायफळ घासलं. सगळ्या खोलीत वास दरवळला. गल्लीत चपला वाजल्या. आई दारात आली, पिशवी खाली ठेवली आणि घाम पुसत म्हणाली, ‘काय करणार, आज पण बस उशिरा आली.’

बाबांनी तिच्यापुढे कप सरकवला.

‘हल्ली फारच उशीर करतात,’ ते म्हणाले. ‘बैस.’