माय रेडिओवर, मी प्रदेशाबाहेर

मायचं पहिलं पत्र रेडिओवर वाचलं गेलं तेव्हा मी सातवीत होते. पत्र मायचं, अक्षर माझं. माय चौथीपर्यंत शिकलेली होती, पण नंतर लिहिण्याची सवय मोडली ती मोडलीच. ती चुलीपुढं बसून सांगायची आणि मी पोस्टकार्डावर उतरवून घ्यायची.

आमचं गाव तीर्थपुरीपासून चालत तासाभराच्या वाटेवर. ज्वारी, कापूस, तूर ही आमची पिकं. त्या वर्षी गावभर तुरीला मर लागली होती. उभी झाडं वाळून जात होती. सगळे पुरुष औषधाच्या दुकानात चकरा मारत होते आणि माय रोज खुरपायला जाताना झाडं बघत होती. मग तिनं मला पोस्टकार्ड आणायला लावलं.

"लिही. आमच्या शेतात सलग पेरलेली तूर मरून राह्यली. पन ज्वारीच्या ओळीतली तूर त्या मानानं कमी मरती. असं का व्हतं, ते सांगावं."

खाली काय लिहू, असं मी विचारलं. तिनं नाव, आडनाव आणि गाव लिहायला सांगितलं. मी शाळेत शिकवल्याप्रमाणे नावाचं आद्याक्षर आणि पुढं आडनाव लिहिलं.

तीन आठवड्यांनी संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात ते पत्र वाचलं. रेडिओ माझ्या थोरल्या चुलत्यांचा, तो बैठकीत असायचा आणि त्याच्याभोवती पुरुष असायचे. माय नेहमीसारखी आतल्या दाराला टेकून उभी होती. निवेदकानं आमच्या गावाचं नाव घेतलं आणि म्हणाला, "येथील श्रीयुत अमुक अमुक विचारतात." मग कृषितज्ज्ञ बोलले. या शेतकऱ्याचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, म्हणाले. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तर मर कमी होते, सगळ्यांनी असंच डोळे उघडे ठेवून शेत बघावं, असंही म्हणाले.

बैठकीतल्या लोकांनी माझ्या वडिलांच्या पाठीवर थाप मारली. वडील गोंधळले. "मी न्हाई लिव्हलं," ते म्हणाले आणि त्यांनी दाराकडं बघितलं.

चुलत्यांच्या लक्षात आलं. बाकीचे लोक उठून गेल्यावर ते मला म्हणाले, "तुझ्या मायला सांग, बाईमानसाचं असं जिल्हाभर बोभाटत न्हाई. ह्याच्या फुडं काय लिव्हायचं असंल तर बापाच्या नावानं लिव्हा."

माय चुलत्यांशी थेट बोलत नसे. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत होती. त्यांच्यामध्ये मी असायची, निरोप्यासारखी. माय दाराआडून म्हणाली, "त्यांला म्हनावं, तुरीची झाडं बघायला त्यांचे भाऊ गेल्ते का मी गेल्ते?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द. चुलत्यांनी ते आधीच ऐकलेलं होतं, तरी मी सांगून संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी रेडिओ उचलला आणि आपल्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मायनं दुसरं पोस्टकार्ड लिहायला लावलं. "तुम्ही उत्तर बराबर दिलं. पन मी श्रीयुत न्हाई. मी बाई हाय. फुडच्या बारीला तसं सांगावं." तेही वाचलं गेलं, पण रेडिओ तेव्हा चुलत्यांच्या कपाटात होता. आमच्या शाळेतल्या बाईंनी ऐकलं आणि त्यांनी मला वर्गात उभं करून सांगितलं की निवेदकानं हसून माफी मागितली. त्या दिवाळीत मामा भाऊबिजेला आले तेव्हा त्यांनी आणलेली साडी मायनं परत त्यांच्या पिशवीत ठेवली. "साडी नको. रेडिओ आन." पंधरा दिवसांत मामा एक छोटा रेडिओ घेऊन आले. तो स्वयंपाकघरात राहिला, आणि माय पुढची वीस वर्षं पत्रं पाठवत राहिली. मी शिकायला बाहेर पडल्यावर ती गावातल्या कुठल्याही लिहित्या पोरीला धरायची.

मी शेतीचं शिकले, जालन्याला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि तिथून हॉलंडला गेले. तिथंही कामं तीच होती: ओल्या कागदावर बी मांडायचं, दिवस मोजायचे, किती उगवलं ते बघायचं. गावाकडचं सगळं मला फोनवर कळायचं आणि फोन वडिलांच्या मोबाइलवर लागायचा. त्याला रेंज फक्त गावातल्या देवळाच्या पायऱ्यांवर.

तिथं मला तीनेक वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात एका रविवारी फोनवर माय म्हणाली, "मला बोलावलं व्हतं."

"कुठं?"

"रेडिओवर. येष्टीनं गेल्ते परवा. काचंच्या खोलीत बसवलं, चहा दिला, बोलाय लावलं. गुरुवारी साडेसहाला लावणार हायेत. तू ऐकशील ना?"

मी लगेच हो म्हणाले. त्या रेडिओ केंद्राचे कार्यक्रम इंटरनेटवरून ऐकवणारं एक संकेतस्थळ नुकतंच सुरू झालं होतं आणि ते मला माहीत होतं. फोन ठेवून मी ते उघडलं. पडद्यावर एकच ओळ आली. ही सेवा तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.

मी पुन्हा उघडलं. पुन्हा तीच ओळ. मी त्यांना ईमेल लिहिली. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: प्रसारणाच्या हक्कांमुळे ही सेवा फक्त भारतातल्या श्रोत्यांसाठी आहे, आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. मी उलट लिहिलं, "गुरुवारी बोलणारी बाई माझी आई आहे. तिच्या आवाजाचे हक्क कोणाकडे आहेत, ते कळवावं." त्याला उत्तर आलं नाही.

मला इतका राग बऱ्याच वर्षांत आला नव्हता. तुमचा प्रदेश, म्हणे. माझा प्रदेश कोणता, हे कुठलातरी कॉम्प्युटर मला सांगणार? ज्या तुरीबद्दल माय बोलणार होती ती खुरपून माझे हात सोलले होते.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर इराणहून आलेली एक सहकारी होती. माझ्यापेक्षा वयानं मोठी, कमी बोलणारी. माझा चेहरा बघून तिनं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं तर ती हसायला लागली.

"एवढंच? आमच्याकडं अर्धं इंटरनेट बंद असतं. त्यातून वाट काढणं आमच्या शाळेतल्या पोरींनाही येतं."

तिनं कागदावर तीन चौकोन काढून मला समजावलं. संकेतस्थळ तुझ्या कॉम्प्युटरचा पत्ता बघतं. पत्ता हॉलंडचा, म्हणून दार बंद. मग भारतातला एखादा कॉम्प्युटर मधे घालायचा. तो मागेल, त्याला मिळेल आणि तो तुला पाठवेल. असे मधले पत्ते लोक इंटरनेटवर यादी करून टाकतात. त्यातले बरेच मेलेले असतात, एखादा जिवंत निघतो.

"हे चुकीचं आहे का?" मी विचारलं. मी नियम पाळणारी बाई आहे. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबते.

"आईचा आवाज ऐकणं?" ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

गुरुवारी दुपारी दोनला आमच्याकडं जेवणाची सुट्टी संपत आलेली असते. मी दीडपासूनच बसले. पहिला पत्ता मेलेला. दुसरा मेलेला. तिसऱ्यानं पान उघडलं, पण आवाज येईना. दोनला पाच मिनिटं कमी असताना सहावा पत्ता लागला आणि कानात बाजारभाव सुरू झाले. जालन्याचे कापसाचे भाव, अंबडचे तुरीचे भाव. निवेदक "क्विंटल" म्हणाला, थेट गावाकडच्यासारखं, आणि मी जागच्या जागी पुतळा झाले. माउसला हात लावायची भीती वाटत होती.

मग माय आली.

निवेदिकेनं गोड आवाजात विचारलं, "ताई, तुम्हाला शेतीची आवड कशी लागली?"

"आवड कशाची? काम हाय ते."

मी मोठ्यानं हसले. सहकारीण मागं येऊन उभी राहिली. एक अक्षर कळत नसताना ती शेवटपर्यंत तिथंच उभी होती.

माय आंतरपिकावर बोलली. घरचं बी कसं निवडायचं, राखेत कसं ठेवायचं, ते बोलली. मग निवेदिकेनं विचारलं, "किती एकर शेती आहे तुमच्याकडे?"

"माझ्याकडं?" माय म्हणाली. "माझ्याकडं काहीच न्हाई. सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई. पेरते मी, खुरपते मी, येचते मी. तुम्ही बी इचारायला मलाच बोलावलं. पन कागदावर मी कुठंच न्हाई."

निवेदिकेनं पुढचा प्रश्न सुरू केला. माय थांबली नाही.

"ज्या बाया ऐकून राह्यल्या, त्यांनी आज आपला सातबारा काढून बघावा. वाचता येत नसंल तर पोरीकडून वाचून घ्यावा."

आणि तिथं आवाज तुटला. मी परत लावेपर्यंत पुढच्या कार्यक्रमाची धून वाजत होती.

मी लगेच फोन लावला. तो लागला नाही. शनिवारी वडिलांनी उचलला, देवळाच्या पायऱ्यांवरून. "तुझ्या मायनं गावात काडी लावली," ते म्हणाले. एव्हाना वेगळे राहणारे चुलते तावातावानं घरी आले होते. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेली, म्हणाले. या वेळी मधे मी नव्हते. माय दाराआडून बाहेर आली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलली. "भावजी, खोटं काय बोलले तेवढं सांगा." चुलते चहा न घेता निघून गेले.

"आन् तुमचं काय म्हननं हाय, दादा?" मी वडिलांना विचारलं.

"बघू," ते म्हणाले. आमच्याकडं "बघू"चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

केंद्राकडं बायकांची एवढी पत्रं आली की त्यांनी मायला दर महिन्याला एका गुरुवारी उत्तरं द्यायला बोलवायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी निवेदिका तिची ओळख करून द्यायची आणि प्रत्येक वेळी माय मधेच म्हणायची, "शेतकरी. सातबाऱ्यावर नाव नसलेली." एकदा ध्वनिमुद्रणाच्या वेळी कुणीतरी तिला हे वाक्य गाळायला सांगितलं. ती म्हणाली, "मंग मला बी गाळा." त्यांनी गाळलं नाही.

माझ्यापुढंही अडचणी आल्या. तीन-चार गुरुवारांनंतर प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटर विभागातला माणूस माझ्या टेबलाशी आला. तुमच्या कॉम्प्युटरवरून अनोळखी पत्त्यांशी संपर्क होतोय, म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं. मी ऐकून घेतलं, पण सोडलं नाही. स्वतःचा लॅपटॉप घेतला आणि साहेबांकडं जाऊन सांगितलं की महिन्यातल्या एका गुरुवारी मी पहाटे साडेपाचला कामाला येईन आणि दीडला घरी जाईन. कारण त्यांनी विचारलं. "माझ्या आईसाठी," मी म्हणाले. साहेबांना वाटलं ती आजारी आहे, त्यांनी सहानुभूतीनं परवानगी दिली. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. याबद्दल थोडं वाईट वाटतं, थोडंच.

संकेतस्थळवालेही हुशार होत गेले. चालू पत्ते बंद करायचे. मी नवे शोधायची. कधी पाचच मिनिटं ऐकायला मिळायची, कधी अर्ध्या वाक्यावर सगळं थांबायचं, कधी मायच्या आवाजात अशी खरखर मिसळायची की फक्त "न्हाई, न्हाई, बिलकुल न्हाई" एवढंच कळायचं. तरी एकही गुरुवार मी चुकवला नाही.

असं दीड वर्ष चाललं. तालुक्याच्या बाजारात लोक वडिलांना विचारायला लागले की काय हो, तुमच्याच घरची का ती सातबाऱ्यावाली? त्यानंतरच्या एका गुरुवारी निवेदिकेनं मायचं नाव घेतलं आणि मी इकडं ते वाक्य ऐकायला तयार बसले. माय म्हणाली, "शेतकरी. हं, बोला, काय इचारायचंय?"

मी वाट बघितली. पुढं काही नाही. थेट कपाशीवरच्या अळीबद्दल सुरू.

देवळाच्या पायऱ्यांवरचा फोन दोन दिवसांनी लागला. वडील तलाठ्याकडं जाऊन आले होते. नाल्याकडच्या चार एकरांवर मायचं नाव चढलं होतं. सगळ्या अकरा एकरांवर नाही, फक्त चार.

"चारच?" मी म्हणाले.

"सध्या चार," माय म्हणाली. "बाकीचं फुडच्या गुरुवारी बोलते."