वाळूवर केलेला गाडीचा पंचनामा

तो दिवस आठवला की आजही बसल्या जागी हात शिवशिवतात. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी दुबईला मुलाकडे राहायला आले, त्यानंतरची ही केस. नावं कुणाचीच सांगणार नाही, ती सवय अजून सुटलेली नाही.

दुबईतल्या मुहैस्नाह भागातल्या सिग्नलवर एका पिकअपने मुलाच्या गाडीला डावीकडे, मागच्या चाकापाशी ठोकलं. गाडीत तो एकटाच होता, खरचटलंही नाही. पोलीस रिपोर्ट मिळाला. त्याशिवाय इथे गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. आता प्रश्न एकच, रिपेअर की टोटल लॉस, म्हणजे गाडी मोडीत काढून विम्याचे पैसे घ्यायचे? नात जन्मली तेव्हा तिला हॉस्पिटलमधून घरी आणलं ते याच गाडीतून, म्हणून मुलगा रिपेअरवर अडून बसला. आणि सून रोज नातीला मागे बसवून हायवेने जाणार, तीही याच गाडीतून!

"आई, चाइल्ड सीट काढायला गेले तर उजवीकडचं मागचं दार लागेचना," सुनेने हळूच सांगितलं.

मार डावीकडे आणि अडतंय उजवीकडचं? म्हणजे गाडीचा सांगाडाच, चेसिसच, वाकलेला असणार. बस्स, खबर मिळाली! गाडी ठेवली होती ते शारजाचं गॅरेज मुलाला घेऊन तडक गाठलं.

मुलगा सुपरवायझरला विचारत होता, "भाई, ठीक हो जाएगी ना?"

"इन्शाल्ला, एकदम नई जैसी!"

मी मुलाला बाजूला केलं. "सरक. जबाब मी घेते. भाई, चेसिस को मार लगा है?"

"माताजी, आप पहले चाय लीजिए."

प्रश्नाला चहा आला की समजावं, उत्तर अडचणीचं आहे.

"चाय बाद में. यल्ला, चलो, गाडी बाहर!"

गॅरेजमागे मोकळी वाळू होती, ती झाडूने सारखी करून घेतली. मुलाने स्टेअरिंग सरळ धरलं, मेकॅनिकांनी गाडी ढकलली. मी वाकून पाहिलं, आणि सापडलं की हो! सरळ जाणाऱ्या गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या ठशांवरूनच जातात, अपघातांच्या पंचनाम्यांत कितीदा पाहिलेलं. इथे दोनाऐवजी चार रेघा! गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती.

"ये क्या है?"

"चेसिस टेढ़ा है, मॅडम. खींच के सीधा कर देंगे." एका मिनिटात माताजीची मॅडम झाले!

"पहले क्यों नहीं बोला?"

"साब ने पूछा, ठीक होगी ना. चेसिस का तो किसी ने पूछा ही नहीं."

मुलाने फोन काढून त्या चार रेघांचा फोटो घेतला. मग म्हणाला, "खलास, आई. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला परत बोलावतो. टोटलच करू."

या केसने मला एक शिकवलं. समोरचा खोटं बोलतो, हे आपण धरूनच चालतो. पण पुष्कळदा आपल्याला हवं ते उत्तर आपणच प्रश्नात घालून देतो आणि तो नुसती मान हलवतो. नवी गाडी बघायला गेलो तेव्हा मुलाने तोंड उघडलं, "भाई, अच्छी है ना...," तोच सून म्हणाली, "तू थांब. आईंना विचारू दे."