रशिदाआपाची लाइटपेटी

शहाद्यात रशिदाच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बायका बऱ्याच, पण ब्लाउजची बाही नीट बसायला हवी असेल तर लोक रशिदाचंच दार वाजवतात. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडला. पायमशीन चालवायला दोन्ही पायांचा जोर लागतो, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं ती एकाच पायाने पॅडल रेटायची आणि संध्याकाळी कंबर धरून बसायची. मग तिचा धाकटा भाऊ जाहिद कमावता झाला आणि त्याने मशीनला मोटर बसवून दिली. आता उजव्या पायाचा अंगठा पॅडलवर टेकला की मशीन सुरू. रशिदाचं काम दुप्पट झालं, कंबरदुखीही सुटली. एकच झालं, मशीन भिंतीतल्या बोर्डाला बांधलं गेलं आणि मशीनबरोबर तीही.

हे बांधलेपण तिला फार टोचायचं, कारण रशिदा मुळात बाजाराची माणूस. तिचे अब्बा, सलीमभाई, गावोगावच्या आठवडे बाजारात लहान मुलांचे कपडे विकायचे. हिला उचलून ते फ्रॉकच्या गाठोड्यावर बसवायचे आणि ही तिथूनच गिऱ्हाइकाला हाका मारायची. कांद्याच्या ढिगाचा वास, भांडीवाल्याचा खणखणाट, भाव करताना चढत जाणारे आवाज, यात तिचं बालपण गेलं. अब्बा वारले तसा बाजार सुटला. पुढे जग तिच्याकडे यायचं ते कापडाच्या पिशवीतून, आणि पिशवी देणारी बाई दारातूनच परत फिरायची.

शाळेतली तिची मैत्रीण चेतना मात्र दारातून परत फिरत नसे. चेतना तापीकाठच्या शेतकरी घरातली. नवरा हेमकांत याच्याबरोबर तिने छोटा टेम्पो घेऊन बाजारोबाजारी कापडाचं दुकान लावायला सुरुवात केली होती. एकदा चहा पिता पिता ती अहिराणीत म्हणाली, "लोके मन्हाजोडेथून कापड लेतस आनि शिवाले आठ-आठ दिन वाट देखतस. तू मन्हा शेजारे बठ ना."

"बठसू वं," रशिदा म्हणाली, "पन मशीनले लाइट कोठेन लयसू?"

दोघी हसल्या आणि विषय तिथेच राहिला. निदान चेतनाला तसं वाटलं.

जाहिद अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवण्याचं काम करतो. त्याच्याकडे बिनवायरीचं ड्रिल मशीन आहे, आणि त्या ड्रिलच्या मुठीखाली सरकवायच्या, विटेच्या तुकड्याएवढ्या बॅटऱ्या. त्या रोज संध्याकाळी घरात चार्जिंगला लागलेल्या असत. एका दुपारी लाइट गेली. रशिदाचं मशीन अर्ध्या शिवणीत थांबलं. त्याच वेळी जाहिद अंगणात खिडकीच्या चौकटीला भोकं पाडत होता आणि त्याचं ड्रिल घुं घुं करत मजेत चाललं होतं. रशिदा दारात येऊन बघत राहिली. ते ड्रिल चालतं तर मशीन का चालणार नाही, असं तिने विचारलं. जाहिदने मान न वळवताच सांगितलं, "आपा, इसका करंट अलग, उसका अलग."

करंट वेगळं असतं हे उत्तर तिला पुरेसं वाटलं नाही. वेगळं म्हणजे किती वेगळं आणि ते एक करता येतं का, हे विचारायला ती दुसऱ्याच दिवशी काठी टेकत एसटी स्टँडजवळच्या भाग्येशच्या दुकानात गेली. भाग्येश मोबाइल, पंखे, मिक्सर असं सगळं दुरुस्त करतो. त्याला हा प्रश्न भलताच आवडला. त्याने हातातलं काम बाजूला सारलं आणि समजावून सांगितलं की बॅटरीचं करंट घरच्या करंटात बदलायला एक यंत्र मिळतं, इन्व्हर्टरचा लहान भाऊ म्हणावा असं, गाडीत लावतात तसलं. मात्र ते बारा व्होल्ट मागतं, आणि ड्रिलची बॅटरी देते वीसच्या आसपास. सरळ जोडलं तर ते रागावून नुसतं पीं पीं करेल. म्हणून मध्ये व्होल्ट उतरवणारी पट्टी लावायची.

रशिदाने हे सगळं डोक्यात शिवून घेतलं. बॅटरी, मग उतरवणारी पट्टी, मग बदलणारं यंत्र, मग मशीन. ब्लाउज कापताना पाठ आधी की बाही आधी हे जसं ठरलेलं असतं, तसंच हे.

जाहिदच्या सामानात एक जळालेलं जुनं ड्रिल पडून होतं. त्याची मूठ कापून तिने बॅटरी सरकवायची खाच मिळवली. भाग्येशने त्याच्याच दुकानात स्टूल दिलं आणि वायरी जोडायची सोल्डरिंग गन हातात दिली. पहिल्या दिवशी तिने बोट भाजून घेतलं, दुसऱ्या दिवशी सांध्यावर कथलाचा गोळा जमला, आणि मग हात बसला. लाल वायर, काळी वायर, मध्ये फ्यूज. प्लायवुडच्या उरलेल्या तुकड्यांचा तिने डबा केला, त्याला हवेसाठी भोकं पाडली, आणि वरती जुन्या पर्सचा पट्टा ठोकला. दिसायला तो पाव विकणाऱ्याच्या पेटीचा धाकटा भाऊ वाटत होता.

घरी आणून तिने मशीनची पिन पेटीच्या बोर्डात घातली, मुद्दाम घरचा मेन स्विच बंद करायला लावला, आणि अंगठा टेकवला. मशीन नेहमीपेक्षा थोडं घुरघुरलं, पण सुई पळाली. अम्मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या.  जाहिदने वाकून पेटीला कान लावला आणि तो हसू लागला.

त्या आनंदात रशिदाने चूक केली. गल्लीतल्या एका लग्नघरच्या उशांचे अभ्रे शिवायचे होते. पेटी किती वेळ चालते ते बघू म्हणून ती शिवत सुटली. मशीन मंद झालं तरी थांबली नाही, आणखी एक, आणखी एक करत बॅटरीतला शेवटचा थेंबही तिने पिळून काढला. संध्याकाळी जाहिदने ती बॅटरी चार्जरला लावली तर लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. बॅटरी मेली होती. दुसऱ्या दिवशी तळोद्याच्या कामावर त्याला एक बॅटरी कमी पडली आणि अर्धी खिडकी लटकती ठेवून परत यावं लागलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जेवला आणि गच्चीवर गेला. रशिदाने पेटी उचलून पलंगाखाली सारली आणि तिला वाटलं, गाठोड्यावर बसून हाका मारणारी पोरगी वेगळी होती, आपण आता भिंतीशी बसलेलंच बरं.

सकाळी उठली तर पेटी पलंगाखाली नव्हती. जाहिद ती घेऊन भाग्येशकडे गेला होता. ती मागोमाग पोचली तेव्हा दोघे पेटी उघडून वाकले होते. भाग्येशने तिला बसायला सांगितलं आणि म्हणाला, "तुमनी पेटी चांगली शे, आपा. फक्त तिले थांबानं समजत नही."

बॅटरी फार उतरली की ड्रिल आपलं आपण बंद होतं, ती अक्कल ड्रिलमध्ये असते, बॅटरीत नसते, असं त्याने सांगितलं. पेटीलाही ती अक्कल द्यायला हवी. त्यासाठी नखाएवढे आकडे दाखवणारी एक छोटी चकती मिळते. बॅटरी ठरलेल्या खुणेखाली गेली की ती खट्कन करंट तोडते. रशिदाने ती स्वतःच्या हाताने बसवली. जाहिदने तोवर पेटीच्या कडेला जादा बॅटऱ्या ठेवायला कप्पा कापला. का कापतोस म्हणून तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की होळीच्या आधी खापर गावी बाजार भरतो, त्या दिवशी तो कामाला सुट्टी घेणार आहे आणि त्याच्या सगळ्या बॅटऱ्या तिच्या.

होळीच्या आधीचा खापरचा बाजार म्हणजे सातपुड्यातली पाड्यापाड्यांची माणसं खाली उतरलेली. जीपच्या टपावर माणसं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घुंगरं, मणी, साखरेचे हार, ढोलाचं चामडं. त्या वर्षी होळी रमजानातच आली होती आणि रशिदाचा रोजा होता. चेतनाने तिला टेम्पोत पुढे बसवलं, मागे कापडाच्या गठ्ठ्यांत मशीन आणि पेटी. ताडपत्रीखाली मशीन मांडलं तेव्हा बाजाराचा आवाज चारी बाजूंनी तिच्या अंगावर आला आणि तिने नुसते डोळे मिटून तो घटकाभर ऐकला.

पहिल्यांदा कुणी जवळ येईना. वायर नाही, खांब नाही, आणि मशीन काय चालणार, असं म्हणत लोक पुढे जात. मग कालीबाई आली. डोंगरातल्या पाड्यावरची, पन्नाशीची, ठसठशीत बाई. तिच्यामागे पाच पोरी. होळीच्या नाचाला सगळ्यांनी एकसारखं दिसायचं म्हणून त्यांनी चेतनाकडून एका रंगाच्या ओढण्या आणि तयार ब्लाउज घेतली होती. ब्लाउज मात्र कुणाच्याच अंगाला बसेनात. एकीचं खांद्यावरून घसरतंय, दुसरीची बाही कोपराखाली. परतीची जीप तिसऱ्या प्रहरी निघणार होती.

रशिदाने एका पोरीला समोर उभं केलं, टाचण्या लावल्या आणि अंगठा टेकवला. सुई पळाली तशी आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. कुणीतरी मशीनखाली वाकून वायर कुठे जाते ते शोधलं आणि लाकडी पेटी बघून आणखी दोघांना बोलावलं. पहिलं ब्लाउज झालं, पोरीने ते तिथेच आडोशाला जाऊन घातलं आणि बाहेर येऊन स्वतःभोवती गिरकी घेतली. मग काय, बाकीच्या चौघी रांगेत, त्यांच्यामागे आणखी बायका. ओढण्यांना चंदेरी किनार लावायची, परकराची लांबी कमी करायची, कुणाच्या पोराच्या सदऱ्याची उसवलेली बगल.

मध्येच चकतीने खट् केलं आणि मशीन थांबलं. गर्दीतून हळहळ उमटली. रशिदाने बॅटरी ओढून काढली, दुसरी सरकवली, आणि मशीन पुन्हा पळू लागलं. हळहळणारे तेच लोक आता कौतुकाने हसले. पुढच्या वेळी खट् झालं तेव्हा एका पोरीने स्वतःच कप्प्यातली बॅटरी काढून तिच्या हातात ठेवली.

पोरींचं सगळं झालं. शेवटी कालीबाईचं स्वतःचं ब्लाउज हातात घेतलं, एक बाही लागली आणि शेवटची बॅटरीही संपली. खाली रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवू लागला होता.

"मन्हं ऱ्हाऊ दे, बाई," कालीबाई म्हणाली. "पोरीस्नं व्हयनं ना."

रशिदाने मशीनकडे बघितलं. मोटरचा पट्टा बोटाने उतरवला, चाक मोकळं झालं. "चाक फिरावता येई का तुले?" तिने विचारलं.

कालीबाईने पदर खोचला आणि चाकाला हात घातला. पहिल्यांदा तिने ते जात्यासारखं असं गरगर फिरवलं की सुई दिसेनाशी झाली आणि रशिदाने घाईघाईने कापड उचललं. सगळ्या पोरी हसून लोटपोट झाल्या. मग दोघींचा मेळ बसला. ही म्हणे हळू, ती हळू, ही म्हणे चल, ती चाले. दुसरी बाही लागली, तोवर दोन पोरी जीपच्या पुढ्यातच उभ्या राहून तिला अडवून धरत होत्या. कालीबाईने ब्लाउज छातीशी धरलं, मजुरी दिली, आणि जाता जाता शेजारच्या पाटीवरून साखरेचा एक हार उचलून रशिदाच्या गळ्यात घातला. पाटीवाल्याला पैसे देताना तिने मागे वळून भिली भाषेत काही म्हटलं. ते रशिदाला कळलं नाही, पण पोरी टाळ्या वाजवत होत्या.

परतताना सूर्य मावळला तेव्हा टेम्पो अक्कलकुव्याच्या पुढे होता. हेमकांतने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. चेतनाने बाटलीतलं पाणी दिलं, रशिदाने हाराची एक गोड पाकळी मोडून रोजा सोडला आणि उरलेली दोघांना दिली. ती इतकी थकली होती की तिला हात उचलवत नव्हता, आणि तरी ती घर येईपर्यंत बोलतच राहिली.

त्याला आता बरेच बाजार झाले. रशिदाच्या स्वतःच्या बॅटऱ्या आहेत, जाहिदचं ड्रिल तिच्यावाचून सुखात आहे, आणि खिडकीच्या कामावर गेला की त्याला लोक रशिदाआपाचा भाऊ का, असं विचारतात. खांडबाऱ्याच्या बाजारात स्टेशनच्या रस्त्याला तिची जागा ठरलेली आहे. तिच्या शेजारी खुर्ची टाकून केस कापणारा लोटन बसतो. त्याचं विजेचं कातरणयंत्र चार्जिंगअभावी दुपारीच मान टाकायचं. त्याने बरेच आठवडे पेटीकडे नुसतं बघितलं आणि मग एक दिवस, आपल्यालाही असली एक करून मिळेल का, असं विचारलं. रशिदाने त्याला आधी स्टूलवर बसवलं आणि पेटीचं झाकण उघडून, थांबायचं कसं, ते सगळ्यांत पहिलं शिकवलं.