रेणापूरहून... आणि इतर

एकदा उच्चारलेला शब्द कधीही नष्ट होत नाही. तो लहरींवर स्वार होऊन चंद्र-सूर्य ओलांडतो आणि ब्रह्मांडात अनंत काळ फिरत राहतो. हा विचार मी लहानपणी रेणापूरजवळच्या आमच्या गावात काकांच्या तोंडून ऐकला. काका तेव्हा ‘नवप्रकाश रेडिओ श्रोता संघा’चे संस्थापक-अध्यक्ष होते आणि वार्षिक सभेत अध्यक्षीय भाषण करत होते. सभेला सगळे सभासद हजर होते. त्यांतला एक, सर्जा, खुंट्याला बांधलेला होता. तो काकांचा बैल.

सर्जा सभासद कसा झाला ते सांगायला हवं. रेडिओवर तेव्हा फर्माईशीचा कार्यक्रम लागे. पोस्टकार्डावर गाणं लिहायचं, खाली गावाचं नाव आणि मग माणसांची नावं. नावं जितकी जास्त, तितका गावाचा मान मोठा. आमच्या संघात माणसं कमी पडत, म्हणून काका पाळण्यातली पोरं लिहीत, मुंबईला गेलेले भाऊबंद लिहीत, आणि एकदा त्यांनी सर्जाला लिहिलं. निवेदकानं गंभीर आवाजात वाचलं, “रेणापूरहून... आणि सर्जाभाऊ.” गावानं पेढे वाटले. सर्जाला गूळ मिळाला.

त्या सगळ्या कार्डांवर एक नाव कधीच आलं नाही. ते काकूचं. यादी संपली की काका लिहीत, ‘आणि इतर’.

गेल्या महिन्यात काकूचा पुण्याला मला फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ती म्हणाली, “मधू, रेडिओत माझं नाव येतंय का बघ की एकदा. बैलाचं आलं, माझं न्हाई.”

“आता कशाला काकू?”

“मेल्यावर पेपरात येतंयच. पर ते मला कुठं वाचाय मिळतंय?”

मी नांदेडच्या एका छोट्या एफएम केंद्राचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर मिळवला आणि सुटसुटीत निरोप पाठवला: ‘रेणापूरची सुशीला. आवडीच्या कार्यक्रमात घ्यावी.’ तासाभरात उत्तर आलं, ‘पाककृती सोमवारी दुपारी. साहित्य आणि कृती पाठवा.’

बाहेरच्या वाचकांसाठी: सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यासारखा फोडणीचा पदार्थ) हा लातूर-नांदेडकडचा सकाळचा नाश्ता आहे. ते आमच्या काकूचंही नाव आहे. आता स्वतः जाण्याशिवाय इलाज नव्हता.

लातूरला गाडी सकाळी पोचते. डिसेंबरची थंडी कोरडी होती. रेणापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तुरी उभ्या होत्या, शेंगांनी वाकलेल्या, आणि त्यांच्यामागे हरभऱ्याचा हिरवा पट्टा. पूर्वी या रस्त्यानं घरांच्या माळवदांवर (मातीच्या सपाट छपरांवर) बांबू दिसत आणि दोन बांबूंमध्ये ताणलेली एरियलची तार. तार ज्याची उंच, तो मोठा माणूस. आता छपरांवर ताटल्या आहेत आणि सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसल्या आहेत.

काकांनी दारातच माझं स्वागत केलं. त्यांना हल्ली एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं हवं तेवढंच येतं. जुना रेडिओ त्यांनी खास माझ्यासाठी लावला. मीडियम वेव्हवर काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. नुसती खरखर. घरातल्या एलईडी दिव्यांची, शेजारच्या मोटारीच्या स्टार्टरची, कुणाच्या तरी चार्जरची. पूर्वीही खरखर असे, पण तिच्या तळाशी एक माणूस बोलत असे. संच जरा पूर्वेला वळवला की तो मोठा होई. रात्री त्याच्या अंगावरून तेलुगू बातम्या जात आणि मग मागून कानडी कीर्तन. आमचे आजोबा, म्हणजे आबा, सांगत, निजामाच्या राज्यात हैदराबादेहून उर्दूत बातम्या यायच्या आणि त्या ऐकायला गढीवर जावं लागे. पुढे रेडिओ घरी आला, तर त्याचं लायसन पोस्टात जाऊन काढावं लागे. आजोबांनी ते चौकट करून देवांशेजारी लावलं होतं. शेजारच्या जिल्ह्यात केंद्र सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा आमच्यासारखं बोलणारा कोणी त्या पेटीतून बोलला. तो फक्त तुरीचा भाव सांगत होता. तरी लोक हात जोडून ऐकत होते.

काटा फिरवून थकल्यावर काका म्हणाले, “सेल उतरले असतील.” सेल त्यांनी सकाळीच बदलले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. काका-काकूंची मुलगी मालू अर्धापूरला दिली आहे. नांदेडचं केंद्र तिथे स्वच्छ लागतं. बेत असा, की नांदेडला नाव द्यायचं आणि अर्धापूरला बसून ऐकायचं. काकांनी जुना संच कापडी पिशवीत बरोबर घेतला. त्याच्यावर एफएम लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

“न लागायला काय झालं? ह्येच्यावर लंकेचं लागत व्हतं.”

लातूरच्या स्टँडवर बस लागायला अवकाश होता. गाड्यावर कढईतून वाफ निघत होती आणि गाडेवाला ओरडत होता, “गरम सुशीलाऽऽ, सुशीलाऽऽ!” काका पुढे झाले.

“तीन प्लेट द्या.”

“काय देऊ? पोहे का सुशीला?”

“त्ये... चुरमुऱ्याचं.”

“सुशीला का?”

“चुरमुऱ्याचं म्हणलं न्हवं!”

गाडेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी काकूकडे. काकू पदर दातात धरून हसत होती. मला पन्नास वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या गाड्यासमोर कळलं. काका बायकोचं नाव घेत नाहीत. तिला ‘ऐकलं का’ म्हणतात. आणि त्यापायी लग्नापासून आजतागायत त्यांना हा पदार्थ नाव घेऊन मागता आलेला नाही.

“काका, म्हणून कार्डावर ‘आणि इतर’?”

“मग काय करावं? ओट्यावर आबा बसलेले, अख्खं गाव जमलेलं. त्येंच्यासमोर रेडिओतून बायकोचं नाव? तोंड कुठं दाखवावं माणसानं?”

“बैलाचं चालतंय,” काकू प्लेटकडे बघत म्हणाली.

“बैलाला कोण हसतंय?”

“हाव. ते बी खरंच की.”

बसमध्ये काकू खिडकीशी बसली. अहमदपूर गेलं, लोहा आलं. मधे एका फाट्यावर टायर पंक्चर झालं आणि आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली काकूच्या डब्यातले धपाटे खाल्ले. बस पुन्हा निघाली. काका मला संघाचा इतिहास सांगत होते: उपाध्यक्षपदावरून झालेली फूट, रबरी शिक्क्याचं उद्घाटन, विरोधी गटाचा स्वतंत्र रेडिओ. काकूनं एकच गोष्ट सांगितली. कार्यक्रम लागायच्या वेळेला ती आत भाकरी थापत असे. नावं सुरू झाली की थापायची थांबे. ‘आणि इतर’ झालं की पुन्हा थापायला घेई.

“का थांबायचीस? माहीतच होतं ना तुला?”

“येखाद्या बारीला चुकून म्हणतेत की काय, म्हणून.”

काका खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

नांदेडला गोदावरीवरून येणारा वारा गार होता. केंद्र म्हणजे एक बसकी इमारत, मागे उंच मनोरा, पुढे कुंड्या. दारात संगमरवरी कोनशिला होती. तिच्यावर उद्घाटकाचं नाव, अध्यक्षांचं नाव, प्रमुख पाहुण्यांची नावं, आणि शेवटी, ‘व इतर मान्यवर’. काकूला वाचता येतं, हळू. ती तिथे जरा जास्त वेळ थांबली.

निवेदिका तिशीच्या बाई होत्या, स्वेटर घातलेल्या, घाईत. मी निरोपाची हकिकत सांगितली.

“अय्या! ती तुम्ही? आम्ही तर कृतीची वाट बघून राहिलो होतो.” त्या पुष्कळ हसल्या आणि कागदाची एक चिठ्ठी पुढे केली. “आजोबा, नावं लिहून द्या. दुपारच्याला घेते.”

काकांनी चष्मा चढवला आणि सवयीनं लिहायला घेतलं. स्वतःचं नाव, त्यापुढे कंसात अध्यक्ष. मग उपाध्यक्ष, जे वारले. चिटणीस, जे वारले. मग बाकीचे. चिठ्ठी भरली, आणि तळाशी हात आपोआप गेला: ‘आणि इतर’.

निवेदिकेनं चिठ्ठी वाचली. “आणि या आज्जी? यांचं नाव?”

“ह्यातच हायेत त्या,” काका म्हणाले, आणि बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.

सांगायचं तर काकू स्वतः सांगू शकली असती. मीही सांगू शकलो असतो. पण ती काकांकडे बघत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, तेव्हा मीही काकांकडे बघितलं. बाहेर कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं.

काकांनी चिठ्ठी परत मागितली. खाली जागा नव्हती. बाजूला नव्हती. मग सगळ्यात वर, स्वतःच्या नावाच्याही वर, जी बोटभर जागा उरली होती तिथे त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी उलटी करून दिली.

“लिहायला काय,” ते बाहेर आल्यावर मला म्हणाले. “लिहिलं म्हंजी काय बोललं असं न्हाई.”

अर्धापूरला मालूचं घर केळीच्या बागेला लागून आहे. पानं वाऱ्यानं फाटलेली, झाडांना घडांच्या ओझ्यानं टेकू दिलेले. मालूनं शेतावरच्या गड्याचा खिशात मावेल एवढा रेडिओ मागून आणला. तो जमिनीवर ठेवला तर नीट लागेना. म्हणून काकांच्या जुन्या संचावर ठेवला. लंकेचं ऐकवणारा संच अशा रीतीनं कामी आला.

आम्ही ओसरीवर बसलो. काकूनं पाय पोटाशी घेतले होते. हात मोकळे होते. ती ते एकमेकांवर दाबून बसली होती. दोन गाणी झाली. रस्त्यावर केळीचा ट्रक मागे घेत होते आणि त्याचा भोंगा एकसारखा वाजत होता. मग ओळखीचा आवाज आला. बाई घाईतच होत्या.

“पुढची फर्माईश आहे रेणापूरहून. सुशीलाबाई... आणि इतर.”

आणि गाणं लागलं. एवढंच.

काकूचे हात तसेच राहिले. काकांनी चांगला कान पुढे केला होता, पण भोंग्यात त्यांना काही कळलं नव्हतं.

“काय म्हणली? कुणाचं घेतलं?”

“येकच घेतलं,” काकू म्हणाली. “वरचं.”

“वरचं? माझं?”

“तुमचं न्हाई. तुमी इतर.”

“मग वरचं म्हंजी कुणाचं?”

काकू गाणं ऐकत राहिली. मालू सांगायला तोंड उघडणार, तर काकूनं तिच्या मनगटावर हात ठेवला. ट्रक थांबला. भोंगाही थांबला.

“सुशीला?” काकांनी विचारलं. बहिऱ्या माणसाचं विचारणं. पार केळीत ऐकू गेलं.

“हाव,” काकू म्हणाली, हाक मारल्यावर म्हणतात तसं.

गाणं संपल्यावर तिनं मला विचारलं, “परत म्हणतेत का रे?”

“नाही काकू. एकदाच.”

“एकदाच का?” तिनं तो बारका रेडिओ पदरानं पुसला. “मग बरं झालं हात मोकळे व्हते.”

परतीच्या गाडीत मी काकांच्या त्या जुन्या भाषणाचा विचार करत होतो. पुण्याला आल्यावर भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, मीडियम वेव्हच्या लहरींना फारसं वर जाता येत नाही. दिवसा त्या वरच्या वरच जिरतात, आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून पुन्हा जमिनीकडे येतात. एफएमच्या लहरी मात्र तो थर भेदून सरळ बाहेर निघून जातात. म्हणजे सर्जाभाऊ इथेच कुठेतरी विरले. उपाध्यक्ष आणि चिटणीस यांचंही तेच. ब्रह्मांडाकडे आमच्या गावातून आजवर एकटी काकू निघाली आहे. तिच्या पाठोपाठ सोयाबीनच्या खताची एक जाहिरात आहे.