फ्लेक्सवरचं वाक्य

वर्गाच्या ग्रुपवर पल्लवीचा फोटो आला तेव्हा मला वाटलं, वाढदिवस असेल. नेहमीसारखा अंगठा टाकून मोकळा झालो. खालची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ नंतर दिसली...

पल्लवी माझी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. मुरगूडजवळच्या खेड्यातून रोज एसटीनं कोल्हापूरला यायची. तिच्या हसण्याचा आवाज शेजारच्या वर्गात जायचा आणि तिथले प्राध्यापक तक्रार घेऊन माझ्याकडे यायचे. आमच्याकडच्या पोरींसारखी ती ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणायची. एका कार्यक्रमात पुण्याच्या पाहुण्यांनी तिला सुधारलं, तर म्हणाली, ‘‘तुमी समजलासा न्हवं? मग झालं की!’’ मी वरवर रागावलो, मनातून खूश झालो. अशा पोरीला मेंदूज्वरानं आठवड्याच्या आत नेलं.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मराठीचा मास्तर, जिभेला सवयच. समोर तिची आई तोंडाला पदर लावून बसलेली. शोकसभेत टाळ्या नसतात, पण सभा आपल्या हातात आली की बोलणाऱ्याला कळतं. त्या भरात मी बोलून गेलो, ‘‘शेवटच्या भेटीत पल्लवी मला म्हणाली होती, सर, आईला एकदा विमानातून फिरवायचंय.’’ असं ती कधीच म्हणाली नव्हती. सभा रडली. मीही रडलो, त्याची जास्त लाज वाटते.

काही आठवड्यांनी तिच्या घरी गेलो, तर चौकात गावातल्या पोरांनी फ्लेक्स लावलेला. तिचा हसरा फोटो आणि खाली अवतरणचिन्हांत माझं वाक्य, तिच्या नावावर. मान खाली घालून घर गाठलं आणि टेकायच्या आधीच तिच्या आईला सांगून टाकलं, ‘‘ताई, ते विमानाचं मी रचलं होतं. ती तसं म्हणाली नव्हती.’’

‘‘ठावं हाय मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जत्रंतल्या पाळण्याला भ्यायची ती, इमानात कुठली बसतीया? मानसं बोलायला उभी ऱ्हायली की कायबी बोलत्यात. पन खरं काय म्हणाली हुती, ते सांगा की.’’

खरं सांगणं जास्त अवघड होतं. रोज दुपारी ती स्टाफरूमच्या दारात येऊन माझ्या डब्यातला मिरचीचा खर्डा पळवायची. त्या शेवटच्या दिवशी मीच डबा पुढे केला, तर म्हणाली, ‘‘आज नको, सर. तोंडाला चवच न्हाय. जातो मी.’’ डोळे तांबारलेले होते. मी फोनवर बोलत होतो. बरं बरं, अशी मान हलवली आणि बोलत राहिलो.

हे सगळं मी सांगितलं, फोनसकट. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, ‘‘घरी आल्यावर मला म्हणाली, सरांचा खर्डा लई खाल्लो, आता जेवत न्हाय... म्हणून मी बी कपाळाला हात लावून बघितला न्हाय.’’

उठून पळून जावंसं वाटलं. एवढ्यात त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

‘‘परत एकदा सांगा, सर. ती म्हणाली तसंच.’’

परत सांगितलं. पदरचा एकही शब्द घातला नाही.