कावळ्यासमोर दिलेला शब्द

मुलगा विषमज्वराने गेला तेव्हा लढाई चालू होती, आणि मला सायकलीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पोशीरहून नेरळला म्हशींचं दूध तोच घालायचा, सकाळ-संध्याकाळ, हँडलला किटल्या अडकवून. मी भातशेतीचा माणूस. माझे पाय चिखलातच बरे होते.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून मोठ्याने कबूल करायचं असतं. माझा भाऊ म्हणाला, आईला सांभाळू. मग म्हणाला, म्हशी विकणार नाही. कावळा आंब्यावरून हलला नाही. शेवटी उडाला तो थेट सायकलीच्या हँडलवर जाऊन बसला. दहाव्याचं सामान भावाने तिच्यावरूनच आणलं होतं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. ऊन चढलेलं, माणसं ताटकळलेली, आणि माझं डोकं फिरलं.

"तुजी सायकल कुनाला देनार नाय रं," मी ओरडलो. "मी चालवीन. आता तरी शिव."

कावळा खाली उतरला आणि शिवला. तो भुकेला असेल, असं मी अजूनही स्वतःला सांगून बघतो. पण शब्द तर देऊन बसलो होतो.

भात झोडून खळं मोकळं झालं तेव्हा तिथेच शिकलो. पन्नाशी उलटलेला माणूस रस्त्यात पडला तर गावाला फुकटचा तमाशा. खळ्याला निदान कुंपण होतं. बायको मागून सीट धरायची. मळणीला मेढीच्या खांबाभोवती बैल फिरतात तसा मी गरगर फिरत राहिलो, आणि बैलांसारखाच एकाच अंगाने, डावीकडे. त्यामुळे मला वळता आलं ते फक्त डावीकडे. उजवीकडे वळायचं आलं की उतरायचं, सायकल हाताने वळवायची आणि पुन्हा टांग टाकायची. नेरळच्या बाजारातला चहावाला गिऱ्हाइकांना बोलावून हे दाखवायचा.

हळूहळू सवय झाली. दुधाबरोबर कुणाचं औषध आण, कुणाचा निरोप पोचव, असं होऊ लागलं. मुलगा गेल्यावर सकाळी उठायचं कशासाठी, हे मला कळेनासं झालं होतं. आता म्हशी हंबरायच्या, किटल्या भरायच्या आणि मी निघायचो. पहाटेच्या गारव्यात उतारावर पाय सोडून दिले की बरं वाटायचं. बरं वाटतं म्हणून लाजही वाटायची.

पण संध्याकाळी परतताना म्हसोबाच्या चढाला सायकल जड व्हायची. किटल्या रिकाम्या, वारा पडलेला, तरी कॅरिअरवर कुणी बसल्यासारखं मागचं चाक दबायचं. चढ संपला की पुन्हा हलकी. मी घाबरायचो, चांगलाच घाबरायचो, आणि तरी दिवसभर त्या चढाची वाट बघायचो. मागे वळून मात्र कधी पाहिलं नाही. तोल जाईल, असं कारण मी स्वतःला देत असे.

बायकोला हे सांगितलं नाही. मुलगा गावाच्या वळणावरूनच घंटी वाजवायचा, कारण त्याला तव्यावरची गरम भाकरी लागायची. मीही तिथेच वाजवू लागलो. दारात पोचेस्तोवर तव्यावर भाकरी पडलेली असायची. मला गार भाकरी आवडते हे तिला लग्नापासून ठाऊक. ती गरम भाकरी बायको माझ्या ताटाशेजारी वेगळ्या ताटलीत ठेवायची, आणि सकाळी ती शिळी भाकरी म्हशीपुढे जायची.

गेल्या पावसाळ्यानंतर माझा गुडघा धरला. वैद्यांनी सायकल बंद करायला सांगितलं. दूध भाऊ बैलगाडीने नेऊ लागला आणि सायकल पडवीत भिंतीला टेकली. सुटलो एकदाचा, असंच वाटलं मला. म्हाताऱ्याचा गुडघा कावळ्यानेही समजून घ्यायला हवा.

मग रोज दिवेलागणीला बायको पीठ मळून चुलीपुढे बसायची आणि भाकरी थापायचीच नाही. मी तिच्यासमोरच बसलेला. एका संध्याकाळी वैतागलो.

"अगं, भूक लागली. कुनाची वाट बघतेस?"

तिने मान वर केली नाही. "तुमी घरातच बसलात," ती म्हणाली. "मंग त्यानं यावं कसं?"

मी उठलो. पडवीतली सायकल काढली आणि लंगडत, ढकलत वळणापर्यंत नेली. तिथे जरा थांबलो. मग तोंड घराकडे केलं आणि घंटी वाजवली.

सायकल जड लागत होती. मी पायी होतो, तोल जायची भीती नव्हती. तरी मागे वळून पाहिलं नाही. दारात पोचलो तेव्हा तव्यावर भाकरी पडली होती.